चित्राच्या पाठीवरचं नाव

१

पुण्याहून एका बाईंचं पत्र आलंय. मुबीनच्या चित्रांचं पुस्तक निघतंय, आणि त्याची सगळ्यात जास्त चित्रं माझ्या घरात आहेत, म्हणून मी चार शब्द लिहावेत. 'आपल्यासारख्या जाणकार संग्राहकाने' असं लिहिलंय. तो शब्द मी दोनदा वाचला. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली दोन वर्षं कन्नड. चटणीला शेंगदाणा किती भाजायचा ते विचारा, सांगतो. चित्रातलं मला कळत नाही. मुबीन कळतो, चाळीस वर्षं कळतो. म्हणून लिहितोय. छापायचं तर छापा, नाहीतर चुलीत घाला.

सन चौऱ्याऐंशी. सोलापूरच्या नव्या पेठेत माझं चटणीचं दुकान नुकतंच उघडलेलं. बोर्ड रंगवायला मुबीनला दिला. बावीस वर्षांचं पोरगं, पायजम्यावर सगळे रंग. उद्घाटनाच्या दिवशी बोर्ड वर चढवला, कापड काढलं, आणि खाली लाल रंगात, काय सुंदर अक्षर, 'प्रो. लिं. अण्णाराव हत्तुरे'.

आमच्या लिंगायतांत माणूस मेल्यावर नावाआधी लिं. लावतात. लिंगैक्य. तुमच्यात कै. लावतात तसं. सगळी पेठ दात काढायला लागली. माझी आई कपाळ बडवत खाली बसली. "माजं लेकरू जित्तं हाय की रे मुडद्या!"

मुबीननं शिडीवरूनच हात जोडले. "कसम से अण्णा, तुमच्या लोकांच्या दुकानात फोटोखाली सगळीकडं लिं. असतंय. मला वाटलं, लिं. म्हंजे लिंगायत."

एवढं हसलो की खाली रस्त्यावर बसलो. त्याला शिडीवरच ते पुसायला लावलं, मग चहा पाजला. त्यानं त्या दिवशी कान धरले, आता जन्मात कुणाच्या नावाआधी काही लिहिणार नाही. श्री. नाही, कै. नाही, काही नाही. गिऱ्हाईक भांडलं तरी लिहायचा नाही.

पुढची वीस वर्षं नव्या पेठेत मान वर करून चाललं की माणूस मुबीनलाच वाचत जायचा. कापडवाला, सोनार, भांडीवाला, सगळ्यांचे बोर्ड त्याचे. त्याचा 'ह' पोटाशी गोल, जेवून बसल्यासारखा. त्याचा 'र' निघताना जरा पाय मागे ठेवायचा. आता नव्या पेठेत मान वर करायची इच्छा होत नाही. सगळीकडं फ्लेक्स, आणि सगळ्या फ्लेक्सवर तीच दहा तोंडं.

२

फ्लेक्स आला तेव्हा मुबीनचं काम वर्षभरात बसलं. सहा महिने तो घरात नुसता बसून होता. मग एक दिवस कॅनव्हासवर रंगवलेलं पहिलं चित्र घेऊन दुकानात आला. मी ते दया म्हणून घेतलं नाही. माझ्याकडं भिंत रिकामी होती, आणि चित्र चांगलं होतं.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतली नवी पेठ. चाळीसएक माणसं, आणि एकूण एक ओळखू येणारं. पाठीमागं हात बांधून चाललेला भांडीवाला, पदर डोक्यावर ओढणारी बांगडीवाली, दारात उभा मी, आत गल्ल्यावर माझी बायको गिरिजा. मी रोज सकाळी त्या माणसांकडं बघत दात घासायचो. त्यातले किती गेले. पण भिंतीवर जत्रा भरलेली असायची.

त्या चित्रात रस्त्याच्या अगदी टोकाला नखाएवढी एक काळी उभी रेघ होती.

"हितं ब्रश पडला काय रे?" मी विचारलं.

"पडला नाही, अण्णा. तिथं दुसरा रंग बसेना. तीनदा लावला, तीनदा आतनं काळं वर आलं. मग सोडून दिलं."

पुढं तो नाव काढत गेला आणि मी चित्रं घेत गेलो. पुण्याच्या बाई लिहितात की मुबीनच्या शैलीतून हळूहळू माणूस गळत गेला आणि अवकाश उरला. अवकाश म्हणजे काय ते मला विचारू नका. पण गळती खरी आहे. पहिल्या चित्रात चाळीस माणसं. मग मिलचं गेट काढलं, भोंगा वाजून पाळी सुटल्यावरचं, त्यात बारा, आणि केबिनीत शिवू वॉचमन. मग संगप्पा टेलरचा ओटा, त्यात पाच. मग आमच्या गल्लीच्या तोंडावरचं येडूचं हॉटेल, तिथं फक्त येडू आणि एक गिऱ्हाईक. पूर्वी रंग जाड, बोर्डासारखा. पुढं पातळ होत गेला, इतका की खालचं कापड दिसतं. लोक म्हणाले हात उतरला. मी म्हणालो, हात उतरला नाही, पोराला आता घाई नाही. बोर्ड रंगवताना गिऱ्हाईक खाली उभं असतं. आता कोणी उभं नाही. मला त्याची पातळ चित्रंच जास्त आवडतात. बघताना जुन्या धोतराची आठवण येते, धुऊन धुऊन मऊ झालेल्या.

काळा पट्टा मात्र राहिला. शिवूच्या चित्रात तो बोटाएवढा झाला, येडूच्या चित्रात हातभर. पुण्यात ज्यांच्याकडं त्याची एकदोन चित्रं आहेत, त्यांना वाटतं ही त्याची सही. माझ्याकडं सतरा आहेत, ओळीनं लावलेली. मलाही तसंच वाटायचं.

३

नवीन चित्र परवाच्या बुधवारी आलं. मीच सांगितलं होतं, आता आमच्या घरातलं एक कर, आम्ही आहोत तोवर.

त्या दिवशी आमच्याकडं पाणी यायचं होतं. चार दिवसांनी एकदा येतं, तेव्हा घरात बादल्यांची मिरवणूक असते. मुबीनची पोरगी झीनत रिक्षातून चित्र घेऊन आली, भिंतीला टेकवून गेली. मी बादल्या सोडून बघत बसलो. आमची बाहेरची खोली. माझी खुर्ची. खिडकीतलं ऊन फरशीवर. माणूस एकही नाही. आणि पलीकडं स्वयंपाकघराचं दार, वरपासून खालपर्यंत काळं.

"एन्री," गिरिजानं कन्नडात 'अहो' म्हणून आतून आवाज दिला, "दारात कशाला उभं ऱ्हायला? उजेड सोडा की."

मी खुर्चीत होतो. दारापासून दहा पावलं लांब.

"मी हितं बसलोय," मी म्हटलं.

"मग आता बसला आसाल. रोजचंच झालंय. भाकरी थापताना मागं येऊन हुबं ऱ्हायचं, बोलायचं न्हाय, चालायचं न्हाय. म्हातारपणी लाडात आलाय काय?"

तिच्या डोळ्यांचा भरवसा नाही आणि मला तर दोन्हीकडं मोतीबिंदू आहे. ऑपरेशन मी करत नाही, ते माझं मी बघीन. पडदा हलला असेल, ढग आला असेल. पण आमच्या त्या दाराला पडदा नाही, आणि बाहेर सोलापूरचं एप्रिलचं ऊन होतं.

तिला आठ दिवस दम लागत होता हे मात्र मला माहीत होतं. दोन बादल्या उचलल्या की ओट्याला धरून उभी राहायची. डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणते, "तुमच्या आदी मीच जाणार. नंबर लावून ठिवलाय मी." चाळीस वर्षं दर सोमवारी उपास धरून तिनं देवाकडं हेच मागितलंय, कुंकवानं जाऊ दे. मी म्हणायचो, माझी भाकरी कोण थापणार? ती म्हणायची, "चटणी हाय की. चाटत बसा."

चित्र टांगायला उचललं आणि पाठ बघितली. मुबीनची बोर्डाच्या वेळची सवय आहे. दहा बोर्ड एकदम सुकायला ठेवले की अदलाबदल व्हायची, म्हणून तो मागच्या बाजूला नाव लिहायचा. बोर्ड सुकला की ज्याचं नाव, त्याच्या दारात पोचवायचा. चित्रांनाही तो तसंच लिहितो, ज्याचं ठिकाण त्याचं नाव.

पाठीवर काळ्या रंगात लिहिलं होतं, 'लिं. गिरिजाबाई'.

४

पहिल्यांदा रागच आला. चाळीस वर्षांपूर्वी चूक झाली, हसून सोडलं. साठी उलटलेल्या माणसाला तीच चूक परत? काठी घेतली आणि तडक त्याच्या घरी गेलो. तो पत्र्याखाली बसून डाळिंब सोलत होता.

"जित्या बाईला लिं. लावतोस? अक्कल गहाण ठेवलीस काय?"

"बसा अण्णा. कुणी लावलं?"

"तूच. चित्राच्या मागं."

त्यानं सुरी खाली ठेवली. "मी 'सौ.' लिहिलंय. मी कुणाच्या नावाआधी काही लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण वहिनीनं मागं ईदला आल्यावर दम दिला होता, नुसतं गिरिजाबाई लिहायचं नाही, सौ. लिही, त्याच्यासाठी उपास करते मी. म्हणून एवढंच लिहिलं. झीनतला विचारा. ए झीनत!"

झीनत ओल्या हातानं बाहेर आली. "सौ. होतं, काका. अब्बांचा हात कापतो म्हणून मीच चित्र धरून उभी होते. 'सौ'ची मात्रा वाकडी गेली म्हणून हसले पण मी."

मला बरं वाटलं. म्हटलं, मोतीबिंदू. सौ.चं लिं. वाचलं. मुबीनलाही तेच वाटलं असणार, कारण वाटेत रिक्षात तो मला चिडवत आला. "पहिल्यांदा मी चुकीचं लिहिलं, आता तुम्ही चुकीचं वाचलं. हिसाब बराबर."

घरी आल्यावर त्यानं चित्र उलटं केलं आणि त्याचं हसणं थांबलं. बराच वेळ तो अक्षरांवरून बोट फिरवत होता, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा.

"हात माझाच आहे," तो म्हणाला. "लिं.चा अनुस्वार मी असाच देतो, थोडा डावीकडं. पण अण्णा, हे अक्षर आत्ताचं नाही. आता माझा हात कापतो. हे तेव्हाचं आहे. बोर्डाच्या वेळचं."

गिरिजा पाणी घेऊन आली. तिला मराठी वाचता येत नाही, देवाची दया. "काय बगताय दोघं? उंदरानं कुरतडलं काय?"

"काही नाही वहिनी. धूळ आहे," मुबीन म्हणाला.

त्यानं टर्पेंटाइनच्या फडक्यानं ते पुसलं आणि कापऱ्या हातानं परत लिहिलं, 'सौ. गिरिजाबाई'. रंगाची डबी आणि ब्रश माझ्याकडंच ठेवून गेला. दारात थांबून म्हणाला, "बाकीच्यांच्या मागं काय आहे बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. एकदा टांगल्यावर कोण कशाला बघेल?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र उलटलं. 'लिं. गिरिजाबाई'. अक्षर सरळ, रेघ न् रेघ ठाम, बावीस वर्षांच्या पोराचं.

मग एकेक करून बाकीची खाली काढली. मिलच्या गेटच्या मागं 'कै. शिवू वॉचमन'. टेलरच्या ओट्यामागं 'लिं. संगप्पा'. हॉटेलच्या मागं 'कै. येडू'. बाकी रस्त्याच्या चित्रांमागं नुसतं ठिकाणाचं नाव. ही तीन चित्रं मी घेतली तेव्हा हे तिघंही ठणठणीत होते. चित्र बघायला माझ्या घरी येऊन चहा पिऊन गेले होते. येडू तर म्हणाला होता, माझ्या हॉटेलपेक्षा इथला चहा वाईट आहे. तिघंही वर्षाच्या आत गेले. पण त्यात नवल काय? वयं झाली होती. सोलापुरात ऊन लागूनही माणसं जातात. मी स्वतःला हेच समजावत होतो आणि चित्रं परत ओळीनं टांगत होतो.

टांगताना कळलं. नव्या पेठेचं टोक. मग मिलचं गेट. मग संगप्पाचा ओटा. मग गल्लीच्या तोंडावरचं येडूचं हॉटेल. मग आमची खोली. तीस वर्षं रोज संध्याकाळी दुकान बंद करून मी घरी आलो तो हाच रस्ता. आणि पट्टा प्रत्येक चित्रात मोठा झालेला नाही. तो तेवढाच आहे. जवळ आलाय.

शेंगदाण्यातले खडे निवडायचं भिंग आणलं आणि नव्या चित्रातल्या दाराशी धरलं. काळ्यात आधी काहीच दिसेना. मग खाली, उंबऱ्यापाशी, फरशीवर दोन मळकट गोल दिसले. टाचा होत्या. आपल्याकडं पाठ होती त्याची. तोंड स्वयंपाकघराकडं.

आतून गिरिजाचा दमलेला आवाज आला. "उजेड सोडा हो. किती सांगायचं?"

त्या दिवशी मी तिला एकटं सोडलं नाही. ओट्यापाशी पाट टाकून बसलो, चौथीत शिकलेल्या कन्नड कविता म्हणून दाखवल्या, चुकीच्या. ती हसली आणि हसताना तिला धाप लागली. पदर दाताखाली धरून तिनं श्वास शोधला. तिचा चेहरा मी कितीतरी दिवसांनी एवढ्या जवळून बघत होतो. लग्नाआधी तिला बघायला गेलो तेव्हा ती अक्कलकोटच्या मावशीच्या मागं लपली होती, फक्त एक कान दिसत होता. मी कान बघून हो म्हटलं होतं. ते तिला अजून सांगितलेलं नाही.

"आज काय झालंय तुमाला?" ती म्हणाली. "दुकान बुडालं तवा पण आसं बसला न्हाय."

६

आज सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी चित्र खाली काढलं. टर्पेंटाइननं नाव पुसलं. सगळं पुसलं, तिचं नावसुद्धा. मुबीनचा ब्रश डबीत बुडवला आणि जागा नीट मापून लिहिलं. माझं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं, आणि 'अण्णा'तला 'ण्ण' मला कधीच धड जमला नाही. शेवटचा 'व' खालच्या ओळीत गेला. पण वाचता येतं.

'लिं. अण्णाराव'.

बोर्ड ज्याच्या नावाचा, त्याच्या दारात पोचतो. धंद्याची रीत आहे.

एका गोष्टीचं वाईट वाटलं. माझ्या नावाआधी हे लागलं की तिच्या नावाआधीचं सौ. जाणार. चाळीस वर्षांचे सोमवार वाया. कळलं तर ती मला या जन्मात सोडणार नाही, म्हणून पुण्याच्या बाई, हे पान छापलंत तरी तिला वाचून दाखवू नका. राग येईल तिला. येऊ दे. जन्मभर आलाय.

चित्र परत टांगलं आणि समोर खुर्चीत बसून हे लिहायला घेतलं. आता अकरा वाजलेत. मध्ये मध्ये मान वर करून बघतो. मोतीबिंदू आहे, हे परत सांगतो. आधीच सांगितलेलं बरं.

दार उजळलंय. मुबीननं त्या दारापलीकडं काही रंगवलेलंच नव्हतं, पण आता आत स्टीलच्या डब्यांची ओळ दिसते, खिडकीचा तुकडा दिसतो, आणि कडेला तिचा कोपर, हिरव्या बांगड्यांसकट. मुबीनचं आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र आहे. रंग इतका पातळ की फुंकर घातली तर उडेल. पुस्तकात घ्यायचं तर हेच घ्या.

उंबऱ्यावर टाचा नाहीत.

चित्राच्या डाव्या कडेला, फ्रेमला लागून, माझ्या खुर्चीच्या पाठीमागं थोडं काळं आलंय. खांद्याएवढं. बाकीचं चित्रात मावलेलं नाही.

मी मागं बघितलेलं नाही. नीट ताठ बसलोय. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवूनच नेतात. तेवढाच लोकांचा त्रास कमी.

"आता कसा लख्ख उजेड आला बगा!" गिरिजा आतून ओरडली. किती दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा आला. भाकरी थापल्याचा आवाजही मोठा आहे, धपाधप, पूर्वीसारखा. मी लिहायचं थांबवून ऐकत बसलो.

"कोण आलंय का हो?" तिनं विचारलं. "बोलल्यागत वाटलं."

"माझ्याकडं आलेत," मी म्हटलं. "तू बाहेर येऊ नको. चहा टाक, दोन कप. उंबऱ्यावर ठेव, मी घेतो."

"आत्ता भाकरीच्या टायमाला? बरं. त्येस्नी साखर किती घालू?"

थांब, विचारतो.